तळ्याकडचं दार
ओल्या सिमेंटचा वास आला की आमच्या घराचं बांधकाम आठवतं. बाबा तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, लाखांदूरची एसटी धरायला गेले, ते परतलेच नाहीत. पोलिसांनाही पत्ता लागला नाही. बऱ्याच वर्षांनी मातीचं घर पाडून पक्कं बांधताना मिस्त्रीने दार नव्या रस्त्याकडे काढलं. आईने ते विटांनी बुजवून तळ्याकडे काढायला लावलं. "रस्ता इकडं हाय बाई, दार तिकडं कायले?" त्याने विचारलं. "तिकडूनच गेले ते. वापस आले अन् दार नाई दिसलं, त कोणाले इचारतीन?" मिस्त्री थापी घेऊन पलीकडे गेला. आता आईही नाही. येणारा माणूस रस्त्यावर, भिंतीमागे उभा राहून मला हाका मारतो. मी दार उघडते आणि आधी पाळीकडे बघते.