डब्याच्या झाकणातले बारा शब्द

त्याचं नाव मी विचारलं नाही, याची आता लाज वाटते. मी कामाला होतो त्या काल्हेरच्या गोदामात तो हमाल होता, पन्नाशीचा. जेवणाच्या सुट्टीत एकटाच बसून मोबाइलवर क्रिप्टो शिकायचा. एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागे घ्यायचा आणि पुटपुटायचा, "कायबी डोक्यात शिरत न्हाय."

एकदा मी डबा घेऊन त्याच्या शेजारी बसलो. त्याच्या क्रिप्टोच्या खात्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते त्याने कागदावर देवनागरीत लिहून आपल्या डब्याच्या झाकणाला आतून खोक्याच्या टेपने चिकटवले होते. मी ओरडलोच, "काका, हे कुणाला दिसलं तर सगळं जाईल!"

त्याने झाकण शांतपणे पुसलं.

"व्हिडिओवाला पन तेच सांगतो. पन सात वर्सं हितं डबा उघडतोय. बाजूला येऊन बसलेला तूच पयला."