वाटीत काढलेले दाणे

खासदार मॅडमनी खिडकीतली माझी वाटी उचलली.

दिवा गावात आमच्या बचत गटाच्या किचनमध्ये शाळेच्या मुलांची खिचडी शिजते. मॅडम दिल्लीच्या अन्नधान्य कमिटीवर आहेत, शाळेतला तांदूळ कसा असावा हे ठरवणाऱ्यांपैकी. पाहणीला आलेल्या. मी पाण्याच्या पिंपामागे उभी होते. मोठ्या माणसांशी मला बोलता येत नाही.

"हे काय बाजूला काढलंय?"

आमच्या गटप्रमुख शालनताईंनी मला पुढे ढकललं. "बोल गं, तूच निवडतेस ना?"

"प्लास्टिकचे दाणे आहेत," मी म्हटलं. "प्रत्येक गोणीत निघतात. पिवळट असतात, पाण्यावर तरंगतात. पोरांच्या पोटात नकोत म्हणून काढते."

सोबतचे ऑफिसर ओरडलेच. "अहो, ते फोर्टिफाइड आहेत! तेच तर मुलांना द्यायचेत! तुमच्या गटाचं काम आजच बंद करतो."

आमच्यातल्या बऱ्याच जणींचं घर त्या कामावर चालतं.

"थांबा हो साहेब," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी सोपं करून सांगितलं. तांदळाच्या पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मळतात. सोऱ्यातून शेव पाडतो तसे मशीनवर दाणे पाडतात आणि साध्या तांदळात मिसळतात. मुलांच्या अंगात रक्त वाढावं म्हणून.

"दिल्लीत या दाण्यांवर आम्ही किती भांडलो," त्या हसल्या. "पण बायका तांदूळ निवडतात, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझी आईसुद्धा हे काढूनच टाकेल."

शालनताईंचा विश्वास बसेना. "शिजतात तरी का ते?"

"शिजवा की. आत्ताच."

वाटीतले दाणे टोपात टाकले. मॅडम पायरीवर बसून राहिल्या. ऑफिसर घड्याळ बघत होते. दाणे भातासारखे मऊ झाले. मॅडमनी आधी स्वतः खाल्ले, मग ताटली साहेबांपुढे धरली. "घ्या. तुम्हीपण कधी नुसते खाल्ले नसतील." साहेबांनी निमूट खाल्ले.

आमचं काम राहिलं. मला वाटलं, विषय संपला. अशी माणसं गाडीत बसली की विसरतात.

पुढे आम्हाला कल्याणला ट्रेनिंगला बोलावलं. तिथे भाषणाच्या आधी शेगडी पेटवली. तेच दाणे शिजवून सगळ्या गटांना चाखायला दिले. मॅडमनी दिल्लीत मुद्दा मांडून ते ट्रेनिंगमध्ये घालायला लावलं होतं.

तांदूळ मी अजून निवडते. वाटी त्याच खिडकीत असते. त्यात आता फक्त खडे असतात. वेगळं काही दिसलं, तर टाकायच्या आधी विचारते.