मामांच्या पोटातलं गोदाम

उपाशी माणसाला उपासाबद्दल इतकं पोटभर सांगणारा माणूस बारामती-इंदापूर पट्ट्यात दुसरा सापडायचा नाही. हे आमच्या हिचे काटेवाडीचे मामा. दारात दोन म्हशी, एकरभर वांगी, अंगात मधुमेह आणि बंडीच्या खिशात तंबाखूच्या जागी साखर मोजायचं मशीन. येईल त्याचं बोट टोचायचं, आकडा चांगला आला की आपलाच पोरगा पास झाल्यासारखं खूश व्हायचं. मग व्याख्यान. "यकृत म्हंजी गोदाम. खाल्लेली साखर तितं साठती. उपास धरला की त्ये बेतानं रक्तात सोडत ऱ्हातं. गोदाम रितं व्हाया लागलं की चरबीला हात घालतं. मालकाला पत्ता बी लागत न्हाय."

मामींनी जन्मभर मामांसाठी सोमवार धरला. त्या गेल्या तेव्हापासून तो मामा धरतात. "तिचा सोमवार मोडू द्यायचा न्हाय," एवढाच हट्ट. आधी साबुदाणा, रताळी, केळी असा दणदणीत उपास झाला. साखर कमी व्हायची सोडून चढली. मामांनी मशीनलाच खोटं ठरवलं आणि खात्रीसाठी माझी तीन बोटं टोचली. शेवटी पटलं, तेव्हा एकदम टोक गाठलं. नुसत्या पाण्यावर राहू लागले.

श्रावणातल्या एका सोमवारी गेलो, तर हे वांग्यांच्या सरीत बसलेले. अंगाला दरदरून घाम, हात लटलटतायत. "भिऊ नगा जावईबापू, गोदाम उघडतंय." मी घाबरून साखरपाणी पाजलं आणि दवाखाना गाठला. तिथंही मामांचं गोदामाचं व्याख्यान झालंच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उपाशीपोटी साखरेची गोळी घेतली?"

"व्हय. उपास पोटाला हाय, गोळीला न्हाय."

बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "आजोबा, त्या गोळीनंच तुमच्या गोदामाला कुलूप घातलं. उपास बंद."

परतीच्या वाटेवर पिंपळी गावाच्या पुढं आल्यावर मामा म्हणाले, "तिचा सोमवार आता कुणी धरायचा?"

"मी धरतो," मी बोलून गेलो. सकाळचे पोहे दहा मिनिटं लांबले तरी घर डोक्यावर घेणारा मी!

आता सोमवारी मामा दुपारी भाकरी खातात आणि मला फोन करतात, "गोदाम चालू हाय न्हवं?" संध्याकाळी मोटारसायकलवर बारामतीला आमच्याकडं येतात आणि मी उपास सोडताना ताटासमोर मांडी घालून बसतात. त्या वेळी यकृताचं नाव काढत नाहीत. परवा मी भात कालवून पहिला घास घेतला, तसे हळूच म्हणाले, "ती बी आधी भातच कालवायची."