गाळलेलं पान

ते गेल्यावरही मी त्यांना दीड पान वाचून दाखवलं. मला वाटलं, रुसले.

रुसायला कारण होतं. शुगरनं आमच्या ह्यांची नजर गेली, तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की मी पुस्तक वाचायची आणि ते खाटेवर पडून ऐकायचे. गोष्ट ऐकणाऱ्यानं मधून मधून हूं म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. माझी शाळा चौथीपर्यंतची. जोडाक्षरांची गर्दी दिसली की मी सरळ पान ओलांडायची. त्यांना कळायचं, कारण लागोपाठ दोन पानं उलटल्याचा आवाज यायचा. मग ते हूं बंद करायचे. भांडायचे नाहीत. मी मागे जाऊन गाळलेलं वाचलं की हूं पुन्हा सुरू. एकदाच म्हणाले, "मास्तरीनबाई, लिवनाऱ्यानं ते पान काय उगाच लिवलं?"

पुस्तकं वर्ध्याच्या वाचनालयातली. आमच्या पिपरीहून मी ऑटोनं जायची. खाली पेपर वाचणारे म्हातारे, बाजूच्या खोलीत लहान मुलांची चित्रांची पुस्तकं, वर अभ्यासिकेत परीक्षेवाल्या पोरी डबे घेऊन दिवसभर. एका कार्डावर एक पुस्तक, एक मासिक. कार्ड ह्यांचं. त्यांना शिकार, प्रवास, नाटक, काहीही चालायचं. मला मोठ्या अक्षरांचं पाहिजे असायचं. तिथल्या मॅडम दोघांना जमेल असं पुस्तक बाजूला काढून ठेवायच्या.

त्या दुपारी हिमालयातल्या प्रवासाचं पुस्तक होतं. एक पान नुसतं नद्यांच्या आणि शिखरांच्या नावांचं. ते मी गाळलं. थोड्या वेळानं लक्षात आलं, हूं येत नाही. "बरं, वाचतो," मी म्हटलं, मागे गेले आणि अडखळत एकेक नाव वाचलं. पान संपलं. पुढचं अर्धं झालं. "आता तरी हूं म्हना," म्हणून त्यांचा पाय हलवला, तेव्हा समजलं.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नाही. मला दुसरंच विचारायचं होतं, पण ते डॉक्टरला काय माहीत. शेवटचा हूं ते पान गाळण्याआधी आला की नंतर, हे मला आठवत नाही. म्हणजे ते माझ्यावर रुसून गेले की नाही, हे मला कळायचं नाही.

पंधरा दिवसांनी पुस्तक परत करायला गेले. मॅडम म्हणाल्या, कार्ड तुमच्या नावावर करून देते. आता मोबाइलवर ऐकायची पुस्तकंही आलीत, डोळ्यांना ताण नाही. चांगल्यासाठीच सांगत होत्या.

"वाचता येते मले," मी म्हटलं. "हूं कोन म्हनन?"

त्यांनी पुस्तक जमा करून घेतलं. कार्ड मी टेबलावर ठेवून आले.

शेवटचा हूं कधी आला ते सांगायला त्या दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यातली मी अजून आहे.