परातीवरचा हलका माणूस

डिशवर पाय ठेवण्याआधी काका दोन्ही तळवे उपरण्याने पुसायचे, मुळात नसलेलं पोट आणखी आत ओढायचे आणि मला सांगायचे, "मी तं वारा हाय, भाऊ. वाऱ्याले काय वजन रायते?"

हे ते रोज सांगायचे. पहिल्या आठवड्यात मला गंमत वाटली, दुसऱ्या आठवड्यात कंटाळा आला, आणि ते असं का सांगतात हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी गणिताचा माणूस. जे वहीच्या रकान्यात बसत नाही ते मला लवकर दिसत नाही.

तुम्ही रेडिओ दुर्बीण पाहिली नसेल तर थोडं सांगायला हवं. तिला काच नसते. आमची होती ती लोखंडी बरगड्यांवर ताणलेल्या तारेच्या जाळीची, दहा मीटर रुंदीची. गावातले लोक तिला परात म्हणायचे, आणि खोटं नाही, मोजमापासाठी आभाळाकडे उताणी करून ठेवली की ती परातच दिसायची. आमच्या संस्थेने सुलतानपूर आणि डोणगावच्या मधली जागा निवडली, कारण तिथे तेव्हा ना कारखाने होते ना मोटारींची वर्दळ. आकाशातून येणाऱ्या बारीक लहरींना अडथळा नको म्हणून. पुढे मोठी दुर्बीण करायची होती, ही नुसती चाचणीची.

परातीचा खोलगटपणा कागदावरच्या वक्राशी जुळला तरच लहरी मधोमध गोळा होतात. जाळी कुठे फुगली, कुठे दबली, की सगळं विखुरतं. म्हणून जाळीवर दीडशे ठिकाणी लाल खुणा केलेल्या होत्या आणि प्रत्येक खुणेखाली एक बोल्ट. मधल्या पक्क्या खांबावर मी थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची छोटी दुर्बीण, लावून बसायचो. एका माणसाने खुणेवर पट्टी उभी धरायची, मी दुर्बिणीतून वाचायचं, वहीत लिहायचं, आणि खाली उभा असलेला मिस्त्री मी सांगेन तसा बोल्ट पाव फेरा वर किंवा खाली करायचा. पट्टी धरणाऱ्याला जाळीवरून चालावं लागे. जड माणूस चालला तर जाळीला झोळ पडणार, म्हणून पुण्याहून आलेल्या मोठ्या साहेबांनी नियम काढला: पट्टी धरणारा पंचेचाळीस किलोच्या वर नको.

आता एवढा हलका प्रौढ माणूस कुठे शोधायचा? त्या वर्षी फार शोधावं लागलं नाही. दुष्काळाचं साल होतं. डोणगावच्या एका अडत्याच्या दुकानात ज्वारीची पोती तोलायचा काटा होता, त्याच्यावर आम्ही अकरा माणसं तोलली. सगळा बाजार जमला होता. काका पन्नाशीचे, जातीचे माळी, दोन बिघ्यांत वांगी आणि मेथी काढणारे. विहिरीने तळ दाखवला होता आणि घरात पाच तोंडं होती. काट्यावर ते एकेचाळीस भरले. अडत्या हसून म्हणाला, "अर्धं पोतं बी नाई भरलं बे!" काका मात्र शाळेत पहिला नंबर आल्यासारखे काट्यावरून उतरले.

आणि काम? तुम्ही त्यांना चालताना पाहायला हवं होतं. आयुष्यभर ओल्या वाफ्यांमधल्या वरंब्यावरून चाललेला माणूस, पावलापुढे पाऊल ठेवून नेमका बरगडीवरून जायचा. खुणेपाशी उकिडवा बसायचा, पट्टी टेकवायचा आणि श्वास धरायचा. पट्टी अगदी स्थिर झाल्याशिवाय "हाव", म्हणजे हो, म्हणायचा नाही. वारा असला तर आम्ही दहा-दहा मिनिटं थांबायचो. मी ओरडायचो, "काका, म्हणा ना हाव!"

"काऊन घाई करता? हालून राह्यली ना थे. खोटं हाव कसं म्हणू?"

पहिल्या फेरीत सगळे बोल्ट जुळवले. वहीतला फरक शून्यावर आला. मोठ्या साहेबांनी पेढे मागवले. दुर्बीण सूर्याकडे वळवली, तर लहरींची नोंद करणारी कागदावरची सुई जेमतेम हलली. पुन्हा मोजलं, तर जाळी सगळीकडे थोडी थोडी खाली. पुन्हा बोल्ट वर. तीन आठवड्यांनी मोजलं, पुन्हा खाली. चार महिने हेच. आम्ही परात वर उचलत होतो, ती बसत होती, आणि सुई काही वर जात नव्हती.

काय डोकं फिरलं म्हणून सांगू! साहेब म्हणाले, उन्हाने लोखंड पसरतं. मग आम्ही पहाटे मोजलं, तरी तेच. मिस्त्री म्हणाला, "जमीनच फाकून राह्यली, साहेब. भेगेत हात जाते कोपरापर्यंत. पाया बसला." पायाला ओळंबा लावून पाहिला, पाया जागच्या जागी. पुण्याहून पत्र आलं की यंत्र तपासा. यंत्र तपासलं. चौकीदाराने आमच्या नकळत नारळ फोडला आणि परातीच्या काठाला लिंबू-मिरची बांधली. साहेबांनी ती काढायला लावली, पण मी पाहत होतो, लगेच नाही, एक दिवस राहू दिली. मला तर माझ्या बेरजांचाही भरवसा वाटेना. रस्त्याने चालताना मी बोटांवर मोजायचो.

त्या दिवसांत काकांना चिडवणं हाच काय तो विरंगुळा. मोजमापाच्या दिवशी ते डबा आणायचे नाहीत. सोमवारी शंकराचा उपास, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. एका मंगळवारी मी विचारलं, "आज कोणाचा?"

"गनपतीचा."

"आणि उद्या बुधवारी मोजमाप निघालं तर?"

त्यांनी उपरणं झटकलं. "हिवऱ्याच्या आश्रमात नेम धरला मी, भाऊ. देवाच्या गोष्टीत हासू नये."

मी हसलोच. माझ्या डब्यातली पोळी पुढे केली तर तिच्याकडे न पाहता ते म्हणाले, "नको. संध्याकाळी खाईन." ज्या दिवशी मोजमाप नसे त्या दिवशी मात्र ते भाकरी आणि ठेचा भरपेट खायचे. हे मी पाहत होतो, पण मला त्यातलं काही कळलं नाही. वहीत तो रकानाच नव्हता.

मग एक दिवस काकांच्या हातातली अंतर मोजायची टेप मागे एका बोल्टात अडकली. काकांनी पट्टी तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्यात अडकवून खुणेवर उभी ठेवली आणि टेप सोडवायला चार पावलं मागे गेले. माझा डोळा दुर्बिणीलाच होता. माझ्या डोळ्यांदेखत पट्टीवरची रेघ वर सरकली.

"काका, पुन्हा तिथे जाऊन बसा!"

ते बसले. रेघ खाली. "उठा!" रेघ वर. "बसा!" खाली. मी त्यांना सहा-सात वेळा उठवलं-बसवलं असेल. खांबावर उभा राहून मी टाळ्या पिटल्या. इतके दिवस आम्ही परात मोजत नव्हतो, काका बसलेली परात मोजत होतो! ते बसले की ती बरोबर, ते उतरले की जाळी वर फुगलेली. आणि त्यात भर म्हणून ती दर महिन्याला थोडी जास्त दबत होती, याचा अर्थ तर सरळ होता.

काकाही आधी माझ्याबरोबर हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "म्हंजे मी जड झालो?"

"चांगलेच झालात!" मी म्हणालो. मला इतका आनंद झाला होता की त्यांचा चेहरा पाहायचं राहूनच गेलं. मी धावत साहेबांकडे गेलो.

साहेबांनी गणितासाठी काकांचं वजन करून आणायला सांगितलं. डोणगावला जाताना मी त्यांना समजावत होतो, "अहो, नुसतं हिशेबाला पाहिजे. तुमच्या कामाला काही होत नाही." मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं.

काट्यावर ते अठ्ठेचाळीस भरले. काका खाली उतरले. डोक्यावरचं पागोटं काढून बाजूला ठेवलं. मग उपरणं. मग बंडीच्या खिशातली चुन्याची डबी, एक सुपारी, किल्ली. अडत्याला म्हणाले, "आता पाहा एकडाव." काटा जरासा हलला आणि पुन्हा तिथेच आला. या वेळी बाजारातलं कोणी हसलं नाही.

ते माझ्याकडे वळले. "चूक झाली, भाऊ. उपास धरत व्हतो मी, पन दुसऱ्या दिवशी हात आवरे नाई. दोन टाइम जेवत गेलो."

एका माणसाने जेवल्याची माफी मागावी आणि दुसऱ्याने ती ऐकून घ्यावी, याला काय म्हणायचं? मी त्यांचं पागोटं उचलून त्यांच्या हातात दिलं, एवढंच.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शास्त्राला धरून केलं. कोणीही बसला तरी जाळी दबणारच, हलका काय नि जड काय. मग वर माणूसच नको. त्यांनी काठावरून आडवी फळी टाकून तिच्यावरून पट्टी सोडायची सोय केली. फळीवर बसायला आमचा मिस्त्री पुरेसा होता. काकांची त्या शनिवारी सुट्टी झाली. त्यांना मात्र वाटलं, आपण पंचेचाळीसच्या वर गेलो म्हणून आपल्याला काढलं. मी समजावून सांगायला हवं होतं. पण तुमची चूक नव्हती हे सांगायचं, तर तुमची गरजच उरली नाही हेही सांगावं लागलं असतं. त्यातलं कुठलं कमी वाईट, हे मला ठरवता आलं नाही.

सगळे बोल्ट खाली घेतले. दुर्बीण सूर्याकडे वळवली. सुई कागदावर अशी चढली की मिस्त्रीने शिट्टी मारली. अहवालात माझं नाव आलं, शोध लावणारा म्हणून. ते पान मी आईला पाठवलं. चार महिने घशात अडकलेला घास उतरला असं सगळे म्हणत होते. माझा उतरला नव्हता.

तीन महिन्यांनी एस.टी.ने मेहकरला निघालो होतो. वाटेत दुष्काळी काम चालू होतं, रस्त्याच्या कडेला माणसं खडी फोडत बसली होती. रस्त्यावर ढीग ओतलेला म्हणून गाडी थांबली. खिडकीखाली कोणी तरी हाक मारली, "भाऊ!"

मी आधी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, डोळे आत. पण ते हसत होते, फार खुशीत. हातातली हातोडी त्यांनी खाली टाकली आणि बंडी वर करून मला आपलं पोट दाखवलं. पाठीला लागलेलं.

"पाहा! उतरलो ना? पह्यल्यापेक्षा बी कमी भरीन. मोठ्या साहेबाले सांगा. म्हना, एकडाव तोलून तं पाहा."

परातीवर आता कोणीच बसत नाही, हे त्या वेळी तरी सांगायला हवं होतं. गाडी सुरू झाली. मी म्हणालो, "सांगतो, काका."

ते गाडीबरोबर दहा-बारा पावलं धावले. "कदी येऊ मंग?" त्यांनी विचारलं.