सात नंबरच्या पवनचक्कीचा दिवा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. अंबडच्या एका कारखान्यात बारा वर्षं तपासणी विभागात काढलेली मी बाई. डोळ्यांनी बघायचं, खूण करायची, पुढे जायचं.

२००५-०६ च्या सुमारास मी सिन्नरजवळच्या डोंगरावर एका पवनचक्की प्रकल्पात लागले. तिथलं माझं एक काम म्हणजे दिवेलागणीनंतर प्रत्येक मनोऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकतोय का ते बघणं. विमानांसाठीचा इशारा तो... बंद ठेवायची सोयच नाही.

सात नंबरच्या पायथ्याशी कौसाबाईंचं अर्धा एकर शेवंतीचं रान. एकट्या बाई, दसऱ्याच्या फुलांवर त्यांचं वर्ष निघायचं. शेवंतीला कळी धरायला रात्रीचा सलग अंधार लागतो, म्हणून त्या रानात साधा बल्बही लावत नसत. दसऱ्याला दोन महिने असताना त्या माझ्याकडे आल्या.

"ताई, नुसता पाला वाढतोय, कळी नाय. तेवढा एक दिवा दसऱ्यापर्यंत झाका. इमानाला बाकीचे हायेत की."

एवढ्या उंचावरच्या दिव्याने खरंच फरक पडतो का, मला माहीत नव्हतं. तरी खालच्या बाजूने झाकण बसवायची परवानगी मागितली. आठवड्यात लेखी नकार आला.

तो सांगायला संध्याकाळी साडेसातला त्यांच्या रानात गेले, तर – सहा लुकलुकत होता, आठ लुकलुकत होता, मधला सात काळा. कंट्रोल रूमला फोन लावला. ऑपरेटर बाहेर जाऊन बघून आला. म्हणाला, सात चालू आहे मॅडम, समोरच दिसतोय.

मी बांधावर आले – चालू. रानात दोन पावलं टाकली – बंद. मधे झाड नाही, टेकडी नाही. मनोरा तर पात्यांसकट दिसत होता. चारही बांधांवरून तपासलं. तेच.

"तुम्ही ऐकलंत ताई," कौसाबाई म्हणाल्या. "आता झोप लागंल मला."

नकाराचं पत्र माझ्या पर्समध्येच राहिलं.

दसऱ्यापर्यंत रोज जाऊन बघितलं, रोज तसंच. दसरा झाला आणि दुसऱ्या संध्याकाळपासून रानातूनही दिवा दिसायला लागला. ओळखीच्या दोन-तीन इंजिनिअरांना विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही. आजही नाही.

दसऱ्याच्या सकाळी कौसाबाई पिवळ्याधमक शेवंतीची टोपली घेऊन साइटवर आल्या होत्या. सगळ्या स्टाफसमोर म्हणाल्या, "ही या ताईंनी फुलवलेली."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मग कोणी, असं त्यांनी विचारलं असतं.