घेणारा नावं ठेवतो

धंद्यातली एक गोष्ट मी पुण्याच्या जुन्या बाजारात शिकलो आणि ती न्यूझीलंडमध्येही जशीच्या तशी लागू पडली. ज्याला वस्तू घ्यायची असते तो तिला नावं ठेवतो. पाय डुगडुगतोय, रंग उडालाय, ड्रॉवर अडकतोय. असं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला सोडायचं नाही. आणि जो म्हणतो, "वा, काय सुंदर वस्तू आहेत हो तुमच्याकडे," त्याच्यावर वेळ घालवायचा नाही. तो निघालेलाच असतो.

ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात माझं जुन्या फर्निचरचं दुकान होतं. आधी मी ऑफिसं झाडली, मग शनिवारी लोकांच्या गॅरेज सेलमधून खुर्च्या उचलून विकल्या, मग एक शेड भाड्याने घेतली. कोणी मदत केली नाही. बायकोच्या माहेरचे तर जावई भंगार विकतो म्हणून हसायचे. मुलगी मात्र चालायला लागल्यापासून शनिवारी माझ्याबरोबर दुकानात असायची. गिऱ्हाईक आत आलं की काउंटरमागून हळूच विचारायची, "बाबा, घेणार का हा?" मी मान हलवायचो, हो किंवा नाही. शाळेत जायच्या वयात तिचा अंदाज माझ्याइतकाच बरोबर यायला लागला.

बायको विद्यापीठात संशोधन करायची. तिला जर्मनीत, हॅम्बुर्गला मोठी जागा मिळाली. तिने मला हे जेवताना सांगितलं. मी म्हटलं, जायचं तर जा, आणि ताटावरून उठून दुकानात गेलो. सौद्यात माणूस असा उठतो तो जाण्यासाठी नव्हे, समोरच्याने हाक मारावी म्हणून. माझ्याबरोबर इतका संसार केलेल्या बाईला हे कळू नये? तिने हाक मारली नाही. दोन तिकिटं काढली, एक स्वतःचं, एक मुलीचं. तो राग आजही गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मुलगी अकरा वर्षांची झाली तेव्हा फोनवर भांडून भांडून मी एवढं मिळवलं: हॅम्बुर्गच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली की ती माझ्याकडे येईल, आणि परत निघण्याआधी तिने स्वतः सांगायचं. इथली शाळा फेब्रुवारीत सुरू होते. इथे राहायचं की आईकडे जायचं, ती म्हणेल ते दोघांनी मान्य करायचं.

"तिच्यावर दबाव आणू नकोस," तिची आई म्हणाली. "फिरव तिला, मजा करू दे."

फिरव, तर फिरव. शहरात मुलांना दाखवण्यासारखं जे जे होतं ते मी तिच्यापुढे मांडायचं ठरवलं.

पहिल्यांदा मोठ्या चौकातून निघणाऱ्या जुन्या ट्राममध्ये बसवलं. ती खिडकीतून बघत होती आणि मला हॅम्बुर्गमधल्या छोट्या रेल्वेगाड्यांच्या प्रदर्शनाबद्दल सांगत होती. अख्ख्या गोदामात मांडलेलं. डोंगर, बंदर, बोटाएवढी माणसं. थोड्या थोड्या वेळाने तिथे रात्र होते आणि घराघरात दिवे लागतात. हे सगळं ती इंग्रजीत सांगायची आणि मी मराठीत विचारायचो. आमचं बोलणं असंच चालायचं.

"आणि ही ट्राम?" मी विचारलं.

"गोल फिरून परत तिथेच येते."

मला इतका आनंद झाला की खाली उतरल्यावर तिला दोन आइस्क्रीम घेतली. नावं ठेवली होती तिने.

मग किवी पक्षी दाखवायला नेलं. काळोख्या खोलीत आम्ही काचेला नाक लावून उभे राहिलो. बाहेर येऊन ती म्हणाली, काळोखच तर पाहिला. हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयात हत्ती सोंड लांब करून हातातलं गाजर घेतात, सोंडेचं टोक ओलं आणि केसाळ लागतं. तळहात पुढे करून तिने मला जागा दाखवली. रोपवेने टेकडीवर गेलो तर म्हणाली, वारा फार आहे. तिकडे मोठ्या लिफ्टमधून नदीच्या खाली उतरता येतं आणि भुयारातून चालत पलीकडच्या काठाला जाता येतं. उन्हाळ्यात एका बागेत रात्री कारंजी रंगीत होतात, संगीत लागतं, लोक घरून डबे आणून गवतावर बसतात. आई पोहे नेते.

 पोह्यांचं ऐकूनही मी हिशोब सोडला नाही. तिकडचं कौतुक करतेय, इकडच्याला नावं ठेवतेय. माझ्याच दुकानात शिकलेली पोर. हिला इथलंच घ्यायचंय.

विमानतळासमोर अंटार्क्टिकाचं प्रदर्शन होतं. तिथल्या खिडकीवर माझं वाजलं. फॅमिली तिकीट म्हणजे दोन मोठी माणसं आणि दोन मुलं. मी विचारलं, एक माणूस आणि एक मूल हे कुटुंब नाही का? खिडकीतली बाई म्हणाली, नियम आहे. माझा आवाज चढला. मागची रांग माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात माझी मुलगी वळली आणि सरळ गाडीकडे चालायला लागली. मनात म्हटलं, शाब्बास. मीही तिच्यामागे निघालो, मुद्दाम सावकाश, त्या बाईला हाक मारायला वेळ मिळावा म्हणून.

गाडीला कुलूप होतं. ती दाराकडे तोंड करून उभी होती.

"बाबा, प्लीज," ती म्हणाली. "इथे कोणी हाक मारत नसतं."

मी परत गेलो आणि इरेला पेटून दोघांचा वर्षभराचा पास काढला. तीन-चारदा आलो की वसूल. आत बर्फाच्या वादळाची खोली होती. जॅकेटं घालायला देतात, दार लावतात आणि बोचरा वारा सोडतात. सगळी मुलं किंचाळत होती. ही खिशात हात घालून उभी.

"हॅम्बुर्गमध्ये बसस्टॉपवर याहून थंडी असते," ती म्हणाली, आणि मग मराठीत, "फुकट."

आम्ही दोघंही हसत सुटलो. त्या क्षणी सौदा झाला असं मी धरून चाललो. तिच्या खोलीत ठेवलेल्या टेबलाचा ड्रॉवर अडकतो असं ती म्हणाली होती, त्याला त्याच दिवशी मेण घासून तो लोण्यासारखा केला. शाळेच्या गणवेशाची चौकशी करून आलो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी समुद्रावर गेलो, फिश अँड चिप्स घेऊन. खाऊन झाल्यावर तिने हात पुसले, माझ्याकडे वळली आणि मराठीत बोलली, पाठ केल्यासारखं, एकही शब्द न चुकता.

"बाबा, मला खूप मजा आली. सगळं खूप छान होतं. तुझं ख्राइस्टचर्च खूप सुंदर आहे."



"ट्राम?" मी विचारलं.

"छान होती."

"आणि टेबल?"

"टेबल तर मस्त आहे. ड्रॉवर आता अडकत नाही."

मी म्हटलं, कायमचं नको, वर्षभर राहा.  बरं, वर्ष नको, पहिली टर्म. बरं, टर्मही राहू दे, फक्त फेब्रुवारी. बरं, या वर्षी नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात नक्की.

"मे बी," ती म्हणाली. पुन्हा येतो हं, असं म्हणून दाराबाहेर पडलेली किती गिऱ्हाइकं मी पाहिली असतील.

"तुला कळतंय ना, मी काय करतोय ते?"

"कळतंय." तिचे डोळे भरले होते. "तू भाव पाडतोयस, बाबा. नको पाडूस."

दुसऱ्या दिवशी विमानतळावर, एकट्या जाणाऱ्या मुलांना सोबत करणाऱ्या विमान कंपनीच्या बाईने तिचा हात धरला. कौतुक करून निघालेल्या गिऱ्हाइकाला मी जन्मात कधी हाक मारली नव्हती. तिला हाक मारली, दोनदा, आजूबाजूचे लोक थबकतील एवढ्या मोठ्याने. ती वळली. हात हलवला. मग काचेच्या दारामागे दिसेनाशी झाली.

बाहेर आलो. गाडी सुरू करवेना. समोर ते अंटार्क्टिकाचं प्रदर्शन होतं आणि पास खिशात होता. रस्ता ओलांडून गेलो. दारावरच्या बाईने "किया ओरा" असा इथला नमस्कार करून हसून पास पाहिला आणि दुसरं माणूस कुठे, असं विचारलं.

"मागून येतेय," मी म्हटलं.

आत स्वतःसाठी एक जॅकेट घेतलं. लहानांच्या खुंट्यांवरचंही एक काढून हातावर घेतलं. वादळाच्या खोलीत दुसऱ्यांची मुलं आधीच उड्या मारत होती. दार लावणाऱ्या माणसाने माझ्या हातावरच्या जॅकेटकडे पाहिलं आणि विचारलं, अजून कोणी यायचंय का?

मी म्हटलं, थांबा जरा.